मधला चौकोन

३ मार्च, सोमवार

ही वही म्हणजे आमच्या स्टुडिओचं कोरं ऑर्डरबुक. अशी अठरा पडून आहेत. आता ऑर्डरीच घ्यायच्या नाहीत म्हटल्यावर एक मी उचललं. शेवटच्या खेपेला छापखान्यानं रेघासुद्धा धड छापलेल्या नाहीत, ओळीच्या मध्यावर आल्या की वाकतात. हल्ली कुणाला कामाची लाज उरलेली नाही.

आज यांनी सगळे कॅमेरे विकून टाकले. मी तासभर बाजारात गेले होते. परत आले तर कपाटाचे तिन्ही खण रिकामे, धुळीत फक्त कॅमेऱ्यांच्या बुडाचे चौकोन. चार कॅमेरे, स्टँड, दिवे, सगळं एका हॉटेलच्या सजावटवाल्यानं उचललं. शोभेला ठेवणार म्हणे. स्टुडिओ बंद करायचं ठरवलं तेव्हा मला विचारलं नव्हतं, पण निदान सांगितलं तरी होतं. या वेळी तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

"मला एक ठेवायचा होता," मी म्हटलं.

"तुला कशाला? तू कुठे फोटो काढायचीस?"

हे असं, सहज, चहात साखर ढवळता ढवळता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

एकतीस वर्षं मी मागच्या डार्करूममध्ये काढली. नऊ फूट बाय सहा. यांनी पुढे गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, "हनुवटी जरा वर" म्हणायचं आणि बटण दाबायचं. तिथून पुढचं सगळं माझं. रोल धुणं, प्रिंट काढणं आणि टचिंग. प्रिंटवरचे पांढरे ठिपके, ओरखडे, कुणाच्या गालावरचे व्रण, हे सगळं मी तीन केसांच्या ब्रशनं असं बुजवायची की भिंग लावूनही सापडू नये. आणि प्रिंटच्या पाठीवर शिक्का यांचा. नाव, खाली 'छायाचित्रकार'. तो शिक्काही मीच मारायची.

जागा ३१ तारखेला मालकाला परत द्यायची आहे. त्याआधी मी माझा कॅमेरा घेणार, माझ्या साठवलेल्या पैशांतून. डार्करूमच्या खिडकीवर आम्ही पहिल्याच दिवशी काळी फळी बसवली होती, ती उतरवणार. ती खोली मी एकतीस वर्षांत कधी उजेडात पाहिलेली नाही. एक रोल, छत्तीस फोटो, त्या खोलीचे, आणि त्याच खोलीत धुऊन छापलेले. रसायनं अजून एकदोन रोलपुरती आहेत. ३१ नंतर ती खोलीही नसेल आणि रसायनंही.

यांना सांगितलेलं नाही. न सांगता करायला मीही शिकलेय.

५ मार्च, बुधवार

कोणता कॅमेरा ते ठरलं. जुना रेंजफाइंडर. यांच्याकडे तो कधीच नव्हता, हे पहिलं कारण. शिवाय अंगानं लहान, माझ्या हातात मावतो. आत आरसा आपटत नाही, त्यामुळे कमी उजेडातही फोटो हलत नाही. आणि नुसत्या स्प्रिंगांचा, दातेरी चाकांचा असेल तर पन्नास वर्षांनीही त्याच्यावर भरवसा ठेवता येतो, जे माणसांबद्दल म्हणता येणार नाही.

फोकस करायची रीत तर मला फारच आवडते. वर बघायची वेगळी खिडकी असते, तिच्यात मधोमध एक छोटा उजळ चौकोन. त्या चौकोनात वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, एक ठळक, एक फिकी. लेन्सची कडी फिरवत जायचं. दोन्ही एकमेकींवर बरोबर बसल्या की झालं. अंदाजाला जागाच नाही. जुळलं किंवा नाही जुळलं.

धाकट्या बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "ताई, फोननं काढ की. नाहीतर भावजींना विचार, त्यांना कळतं त्यातलं."

मी फोन ठेवून दिला. मागच्या महिन्यात आली होती तेव्हा म्हणे, तू हल्ली माझ्या तोंडाकडे बघून बोलत नाहीस, कानाकडे बघतेस. तिनं आधी तोंड बघावंसं वाटेल असं काहीतरी बोलावं.

८ मार्च, शनिवार

जुन्या वस्तूंच्या गल्लीतला दुकानदार. नाव विचारलं नाही, मी त्याला गुळगुळीत म्हणते. बोलणं तसंच आणि डोकंही.

"कुणासाठी हवाय, बाई? साहेबांसाठी?"

"साहेबांच्या बायकोसाठी."

त्यानं तीन काढून ठेवले. एकाची पाठ उघडून बघितली. शटर एका सेकंदावर लावून कानाशी धरलं. अंधारात मनातल्या मनात सेकंद मोजत मी हजारो प्रिंटना उजेड दिलाय, मला घड्याळ लागत नाही. त्याचा सेकंद चोख होता. मग टॉर्च लावून लेन्स आरपार बघितली, ओरखडा नाही, बुरशी नाही. कडी सगळीकडे सारखी फिरत होती. गुळगुळीत एव्हाना गप्प झाला होता, ते बघून बरं वाटलं.

मग डोळ्याला लावला. कडेकडेचं सगळं लख्ख, आणि मधला चौकोन मात्र धुरकट. नेमका तोच.

"हा आतून पुसून द्या."

त्यानं स्वतः लावून बघितला. "आरशासारखा स्वच्छ आहे, बाई. तुम्हाला सवय नाही ना. चार दिवस वापरा, जमेल."

सवय नाही म्हणे. याच्या जन्माआधीपासून मी... जाऊ दे, याच्या जन्माआधीपासून नसेल, पण याला मिसरूड फुटायच्या आधीपासून नक्की. बाकी सगळं चोख होतं म्हणून घेतला.

१० मार्च, सोमवार

गच्चीवर जाऊन एक रोल चाचणीसाठी संपवला. पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी, समोरच्या गॅरेजमध्ये गाडीखाली झोपलेला मेकॅनिक. चौकोनात काही धड दिसेना, त्यामुळे अंतर अंदाजानं धरलं.

मधेच हे वर आले.

"कुणाचा हा?"

"माझा."

"रेंजफाइंडर? खेळणं ते."

एवढं बोलून खाली जायला हवं होतं, पण उभे राहिले. मी दोन फोटो काढले, हे बघतच राहिले. मग पुढे येऊन कॅमेरा माझ्या हातातून घेतला, माझ्याकडे पाठ केली, "धूळ बसलीय" म्हणून खिशातल्या रुमालानं लेन्स पुसली, परत दिला आणि निघून गेले. दुसऱ्याच्या लेन्सला खिशातला रुमाल लावू नये, एवढंही या छायाचित्रकाराला कळत नाही.

संध्याकाळी रोल धुतला. पहिल्या अकरा फ्रेम कोऱ्या. नुसती पारदर्शक पट्टी, म्हणजे उजेड आत गेलाच नाही. बारावीपासून चित्रं आहेत, पण सगळी फोकसबाहेर. शटर मनाला येईल तेव्हा चालणार आणि मनाला येईल तेव्हा चिकटणार. असला कॅमेरा गुळगुळीतनं माझ्या गळ्यात मारला. उद्या त्याला सरळ करते.

११ मार्च, मंगळवार

सरळ केला. त्यानं माझ्यासमोर वीस वेळा शटर उडवून दाखवलं आणि मेलं एकदाही चिकटलं नाही. तरी मी कोऱ्या फ्रेमची पट्टी त्याच्या नाकासमोर धरली. शेवटी दुसरा कॅमेरा दिला.

वर म्हणतो, "पुढच्या वेळी घरातल्या कुणाला तरी बरोबर आणा."

"मी काय दारातली आहे?" मी विचारलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनीही ऐकलं.

१४ मार्च, शुक्रवार

दुसऱ्याचीही तीच गत. चौकोन धुरकट. शिवाय दाराची चौकट बघितली तर मध्ये फुगलेली दिसते, म्हणजे आतली काचही सदोष. दोन्ही कॅमेऱ्यांत बुरशी नेमकी मध्यभागीच कशी लागते, याचं मला आश्चर्य वाटतं. एकाच ओल्या कपाटात ठेवत असणार.

डोकं आधीच तापलेलं, त्यात स्टुडिओच्या जिन्यावर आले तर यांनी प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरा पट्टा रंगवलेला. सतरा दिवसांत जी जागा सोडायची तिला रंगरंगोटी. विचारलं तर म्हणतात, "डबा उरला होता." घरीही तेच चाललंय. स्वयंपाकघरात डोळे दिपतील असा दिवा लावला. मागे एकदा माझ्या हातून चहा कपाबाहेर सांडला तर दुसऱ्या दिवशी बादलीएवढे कप आणून ठेवले. एक गोष्ट मला विचारून करायची नाही, असा नेमच केलाय जणू.

१७ मार्च, सोमवार

गुळगुळीतला दुसराही परत केला. यावेळी तो भांडला नाही, पैसे मोजून हातात दिले आणि दार उघडून धरलं. हे मला जास्त लागलं.

मग घड्याळजींकडे गेले. म्हातारा माणूस, पुलाखाली खोलीवजा दुकान, भिंतीवर चाळीसएक घड्याळं आणि प्रत्येकाची वेळ निराळी. कॅमेरेही दुरुस्त करतात. आमचे दोन त्यांनीच एकदा सुधारून दिले होते. बोलणं मोजकं. मी सगळं सांगितलं, त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. एवढ्यानंच माझा अर्धा राग गेला.

खणातून एक रेंजफाइंडर काढला. म्हणाले, "हा पूर्ण उघडून मी स्वतः बसवलाय. दोन प्रतिमा समोरच्या टेकडीवरच्या मनोऱ्यावर जुळवून घेतल्यात. आठवडाभर वापरा, मग पैशांचं बोलू."

तिथेच डोळ्याला लावला. चौकोन धुरकट. पण दुकानातच अंधार होता, म्हणून बोलले नाही.

निघताना म्हणाले, "झाकणाकडे तेवढं लक्ष ठेवा. यात बघायची खिडकी वेगळी, त्यामुळे लेन्सवर झाकण तसंच राहिलं तरी आपल्याला सगळं छान दिसत राहतं."

मला झाकण शिकवतात. चांगल्या माणसालाही बाईमाणूस दिसलं की राहवत नाही.

१९ मार्च, बुधवार

आज जे सापडलं ते आधी लिहून टाकते.

स्टुडिओ आवरत होते. यांच्या टेबलाचा खालचा खण नेहमी अडकायचा, आज ओढला तर निघाला. आत टचिंगचा ब्रश. माझा नाही. माझे सगळे माझ्या डब्यात आहेत. हा जाड, पाचसहा केसांचा, शाईत बुडवून वाळलेला. शेजारी शाईची बाटली, निम्मी संपलेली. आणि एक जाड पाकीट, त्यावर यांच्या अक्षरात दोन वर्षांपूर्वीची तारीख.

पाकिटात तीसचाळीस प्रिंट. खिडकीत नेऊन, मान कलती करून, भिंगानं एकेक बघितली. इतकं गचाळ टचिंग मी जन्मात पाहिलेलं नाही. व्रण एकीकडे, शाई त्याच्या शेजारी. एका म्हातारबाबांच्या बुबुळातली चमक पापणीवर नेऊन ठेवलीय. एका मुलीच्या गालावर ठिपक्यांची रांग, जिथे काही बुजवायचंच नव्हतं. हे करणारी माझ्या हाताखाली असती तर मी तिच्या हातातून ब्रश काढून घेऊन तिला घरी पाठवलं असतं.

म्हणजे दोन वर्षं माझं काम दुसऱ्या कुणाला तरी दिलं जात होतं. मी मागे अंधारात उभी, आणि हे पुढे कुणा नवशिकीला बसवून तिच्याकडून टचिंग करून घेत होते. स्वस्तात पडत असेल. मी डोळे झाकून विश्वास ठेवला, दुसरं काय.

२० मार्च, गुरुवार

"टचिंग कुणाकडून करून घेत होतात?"

हे जेवत होते. घास हातातच राहिला.

"कुणाकडून नाही."

"खणात ब्रश आहे."

"माझाच आहे तो."

आयुष्यात कधी ब्रश धरला नाही हा माणूस, आणि म्हणतो माझा आहे. निदान खोटं तरी पटेल असं बोलावं. मी ताट उचललं आणि आतल्या खोलीत जाऊन जेवले. "काय झालं ते सांगशील का," असं दाराबाहेरून दोनदा विचारलं.

२२ मार्च, शनिवार

घड्याळजींच्या टेबलावर कॅमेरा ठेवला आणि मनात होतं नव्हतं ते सगळं बोलून घेतलं. तिसरा कॅमेरा, तिसऱ्यांदा तोच धुरकट चौकोन, मी काय सगळ्यांना वेडी वाटते की काय. माझ्या हातात नऊ दिवस उरलेत आणि एक फोटो नाही. नको नको ते बोलले.

त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, दाराबाहेर बघितलं, कडी फिरवली, खाली ठेवला. मग भिंतीवरचं सगळ्यात मोठं घड्याळ उतरवून माझ्यापासून हातभर अंतरावर धरलं.

"डावा डोळा हातानं झाका. काटे जिथे एकमेकांना मिळतात, तिथला खिळा बघा."

"हे कशाला?"

"बघा तर."

मी बघितलं. बारा दिसले. तीन, सहा, नऊ दिसले. तबकडीची कड लख्ख दिसली. खिळा दिसला नाही. काटे कडेकडून निघून आत येत होते आणि मध्ये धुरात शिरून नाहीसे होत होते. आतली आकड्यांची रेघ आत वाकलेली.

"आता उजवा झाका."

खिळा होता. पितळेचा, त्यावर बारीक खाच. काटे जरा थरथरत होते, पण होते.

घड्याळजींनी घड्याळ परत टांगलं. "कॅमेऱ्यात काही नाही, बाई," एवढंच म्हणाले. मग माझ्यासाठी स्टूल ओढलं. मी बसले नाही. कॅमेरा उचलला आणि घरी आले. पैशांचं बोलायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

घरी येऊन हीच वही उघडली. एक डोळा झाकला, मग दुसरा. छापखान्यानं रेघा सरळच छापल्यात.

२४ मार्च, सोमवार

डोळ्यांची डॉक्टर तरुण आहे, पण बोलते स्पष्ट. पडद्याचा मधला भाग झिजलाय. उजव्याचा जवळजवळ गेला, डाव्याचा सुरू झालाय. इंजेक्शनं देऊन डावा जपता येईल कदाचित. गेलेलं परत येणार नाही. कडेचं दिसत राहील.

"किती दिवस होतंय असं?"

"परवापासून," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. "दोन वर्षं तरी असणार."

दोन वर्षं. दवाखान्याच्या जिन्यात माझ्या डोक्यात ते पाकीट आलं, आणि मी कठडा धरून उभी राहिले.

स्टुडिओत हे सामान बांधत होते. मी पाकीट टेबलावर उलटं केलं. सगळ्या प्रिंट पसरल्या.

"हे कुणी केलंय?"

हे खोक्याला सुतळी गुंडाळत राहिले.

"मी डॉक्टरकडून आलेय. विचारतेय त्याचं उत्तर द्या. कुणी केलंय हे?"

"तू," हे म्हणाले.

मला ते माहीत होतं, तरी म्हातारबाबांची प्रिंट उचलून पुन्हा बघितली. ज्या नवशिकीचा ब्रश मी काढून घेणार होते ती मीच. म्हातारबाबांच्या पापणीवर चमक ठेवणारी मीच.

"आणि गिऱ्हाइकाला काय दिलंत?"

"दुसरी प्रिंट काढायचो. दुपारी तू झोपायचीस तेव्हा. मीच करायचो टचिंग, जसं जमेल तसं. एकदा त्या म्हातारबाबांच्या मुलानं परत आणून टाकली होती प्रिंट. तेव्हा मला कळलं."

"आणि मला?"

"सांगणार होतो."

"कधी? मी जिन्यावरून पडल्यावर?"

"म्हणून तर पट्टे मारले." हे इतकं बारीक आवाजात, की एरवी मला हसू आलं असतं.

"गच्चीवर धूळ पुसलीत ती?"

"झाकण होतं लेन्सवर. काढून खिशात टाकलं. नंतर तुझ्या पिशवीत ठेवलं."

"अकरा फोटो, अहो. मी त्या माणसाला भर दुकानात चोर ठरवलं. आणि तुम्ही घरी बसून ऐकलंत."

मग मी जे बोलले ते सगळं लिहीत नाही, शेजारच्या शिंप्यानं ऐकलंच आहे. मुद्दा एवढाच. डोळा गेला याचा दोष मी कुणाला देत नाही. पण दोन वर्षांपूर्वी कळलं असतं तर डॉक्टरनं तेव्हाच सुया टोचल्या असत्या आणि आज उजव्यातही काही उरलं असतं. तुम्ही माझे ठिपके बुजवत बसलात. मी प्रिंटवरचे बुजवायची, तुम्ही माझे. भिंग लावूनही सापडू नयेत असे.

"तुला वाईट वाटेल म्हणून," हे म्हणाले. "तुझं टचिंग गेलं तर तुझं काय उरेल, असं मला... आणि खरं सांगू का, मी केलेल्या प्रिंट गिऱ्हाइकाला देताना लाज वाटायची. लोक फोटो घ्यायला यायचे ते तुझ्या हातासाठी. तोच नाही तर स्टुडिओ कशाला चालवायचा? म्हणून बंद केला."

एकतीस वर्षांत हे एकदा म्हणाले असते. एकदा. आज म्हणाले, आणि मला त्यातलं काही नको होतं. मी चाव्या टेबलावर आपटल्या आणि चालत घरी आले.

२५ मार्च, मंगळवार

पहिलं इंजेक्शन. गुळगुळीतकडे जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, "असू दे बाई, माझ्या आईला पण होतं." चांगला निघाला, तेवढाच आणखी राग आला.

यांच्याशी बोलणं बंद.

२७ मार्च, गुरुवार

डाव्या डोळ्यानं चौकोन दिसतो. पण दोन प्रतिमा जुळल्या की नाही, हे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. आणि मला अंदाज चालत नाही.

कॅमेरा मांडीवर घेऊन नुसती बोटं फिरवत बसले होते. लेन्सच्या कडीवर खाचा लागल्या. आकडे. मीटर एक, दीड, दोन, तीन. इतकी वर्षं या धंद्यात असून मला सुचू नये. चौकोन जे डोळ्यानं करतो तेच इथे आकड्यात कोरलेलं आहे. अंतर मोजा, कडी त्या आकड्यावर लावा. प्रतिमा जुळवायची गरजच नाही.

शिंप्याकडून टेप मागून आणली. मग लक्षात आलं, टेपला दोन टोकं असतात.

बराच वेळ विचार केला. धाकटी येणार नाही, घड्याळजी दुकान सोडत नाहीत. शेवटी बाहेर जाऊन यांच्यासमोर उभी राहिले.

"रविवारी मला टेप धरायला माणूस हवाय."

"मी येतो."

"एक अट आहे. तुम्हाला जे दिसेल ते बोलायचं. त्याच क्षणी, माझ्या तोंडावर. मला काय वाटेल ते माझं मी बघेन. मागून पुसायचं नाही, खिशात टाकायचं नाही."

"बरं."

"आणि जे मला दिसतंय असं तुम्हाला वाटतं, ते सांगत बसायचं नाही."

यावर जरा विचार करून म्हणाले, "हे अवघड आहे."

"एकतीस वर्षं मी तुमचा शिक्का मारलाय," मी म्हटलं.

३१ मार्च, सोमवार

चाव्या मालकाला दिल्या. जागा गेली. आता काल काय झालं ते लिहिते. ही ओळ सरळ येत असेल तर त्याचं कारण यांनी जाड काळ्या पेननं पानावर रेघा मारून दिल्यात. "मारू का," असं आधी विचारलं.

फळीचे स्क्रू गंजले होते, तासभर गेला. फळी निघाली आणि उजेड आत आला. मला वाटलं होतं, मला रडू येईल. आला तो रागच. इतकी घाणेरडी खोली. भिंती हिरव्या आहेत हे मला माहीतच नव्हतं, मी त्या करड्या समजत होते. हायपोचे, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचे डाग छतापर्यंत गेलेले. सिंकच्या कडेला माझं कोपर टेकायचं तिथे लाकूड झिजून खळगा पडलाय. माझ्या कोपरानं एवढं लाकूड खाल्लं आणि मला पत्ता नाही. मी त्यात कोपर ठेवून बघितलं. बरोबर बसलं.

तोच पहिला फोटो. "एक मीटर वीस," हे म्हणाले. मी कडी लावली. कडेच्या नजरेनं फ्रेम धरायला जरा वेळ लागतो, पण धरता येते. सिंक, ट्रे, दोरीवरचे चिमटे, दाराआडचा माझा एप्रन, टचिंगचं टेबल, त्यावरचा शिक्का. हे टेप धरून गुडघ्यावर बसत होते, उठत होते, आकडे सांगत होते. "सावली पडतेय तुझी," एकदा म्हणाले. एकदा, "हा वाकडा येणार." मी म्हटलं, येऊ दे. पण सांगितलं, ते बरं केलं.

दुपारी फळी परत लावली, रोल धुतला, संध्याकाळी प्रिंट काढल्या. मोठं करताना कागदावरचा फोकस यांच्याकडून बघून घेतला. मी सांगितलं म्हणून बघितला. छत्तीसच्या छत्तीस आल्या आहेत. कोरी एकही नाही. चार वाकड्या आहेत, दोन हललेल्या. खळग्याचा फोटो भिंगाखाली धरून, मान कलती करून बघितला, लाकडाची रेघ न् रेघ सुटी आलीय. टचिंग केलेलं नाही. पांढरे ठिपके आहेत तिथे राहू देत.

शिक्का मारायचा की नाही हे विचारायची यांची हिंमत झाली नाही. मी प्रत्येक प्रिंटच्या पाठीवर पेननं माझं नाव लिहिलं. छत्तीस वेळा. खाली 'छायाचित्रकार' लिहिणार होते, मग म्हटलं, ते बघणाऱ्याला कळेल.

छत्तिसाव्या फोटोचं सांगायचं राहिलं. पस्तीस झाल्यावर मी पाणी प्यायला थांबले. परत आले तेव्हा हे सिंकपाशी, माझ्या जागेवर, भिंतीला टेकून उभे होते. टेप गळ्यात, शर्टाला छताची धूळ. दमलेले. मी म्हटलं, "तसेच राहा." टेपचं एक टोक त्यांच्या हातात दिलं, दुसरं माझ्या कपाळाशी.

"एक मीटर नव्वद. हसू का?"

"नको."

कडी लावली. खिडकीतून बघितलं. खोली लख्ख दिसत होती, उजेड, हिरवी भिंत, त्यांचे खांदे, हात. मधोमध त्यांचा चेहरा असायला हवा तिथे धूर. नजर जरा त्यांच्या कानाकडे नेली, तेव्हा चेहरा कडेला सापडला. माझ्याकडे टक लावून बघत होता. बोट बटणावर गेलं.

"झाकण," हे म्हणाले.

मी थांबले. हात पुढे नेऊन चाचपलं. होतं. पाणी प्यायला जाताना मीच लावलं होतं.

"आत्ताच, की आधीपासून?"

"आत्ताच. या एकालाच."

मी काढलं आणि माझ्या खिशात टाकलं. मग बटण दाबलं.